सॉल्टपॅन रोडवरचं अर्धं बोट

ही घटना खरी आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये "ताई, शेवट मस्त रंगवलाय हां" असं कुणी लिहायला नको. यात मी रंगवलेलं काहीही नाही. उलट दोन-तीन गोष्टी मुद्दाम गाळल्यात. त्या सांगताना वर्नाचा आवाज कसा झाला होता, ते मला लिहिता येणार नाही.

वर्ना नोस्के माझी मैत्रीण. मी तारूलाच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि इतकी वर्षं आहे की "तू मूळची कुठली?" हे विचारायचं लोक आता विसरलेत. माझा मुलगा शार्दूल इथेच लहानाचा मोठा झाला. गव्हाच्या हंगामात तो ट्रक चालवतो. हे आत्ताच सांगते, कारण पुढे लागणार आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात ना? ही नाही.

ही भर दुपारची आहे. डिसेंबरची दुपार, आणि इथला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. डोक्यावर ऊन, आणि नजर जाईल तिथपर्यंत सगळं लख्ख. लपायला झाडसुद्धा नाही म्हणा ना. एक झाड आहे, पण त्याचं नंतर सांगते.

सॉल्टपॅन रोड गावातून निघतो तो थेट मिठाच्या कोरड्या तळ्यापर्यंत जातो. वळण नाही, चढ नाही. दोन्हीकडे गहू आणि मधोमध पांढरी रेघ. समोरून कुणी येत असलं की आधी उन्हात थरथरणारा एक ठिपका दिसतो. मग ठिपक्याची गाडी होते. आणि गाडी जवळ आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं.

एकच बोट. सगळा हात हलवतात ते शहरातले.

आमच्याकडे जमिनीवरून कोर्टात भांडणारे सख्खे भाऊ आहेत. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण रस्त्यात समोरासमोर आले की बोट उचलतात. बोट न उचलणं म्हणजे थोबाडावर दार आपटण्यासारखं.

वर्ना याच रस्त्यावर टपाल वाटते. रोज दुपारी गावातून निघायचं, तळ्यापर्यंत जायचं, परत यायचं. तिचं बोट आता तिला विचारत नाही. समोर गाडी आली की आपलं आपण उठतं.

आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या मंगळवारी कापणी ऐन जोरात होती. दुपारचे तीन वाजून गेलेले. वर्ना एकटीच, खिडकी अर्धी उघडी, रेडिओवर गव्हाचे भाव. समोर ठिपका दिसला. ठिपक्याची युट झाली. मागे उघडा हौदा असलेली, जुनी, मलईच्या रंगाची. पुढचा लोखंडी गार्ड डावीकडे वाकलेला.

चालवणाऱ्याने बोट उचललं.

वर्नानेही उचललं.

युट गेली. वर्नाच्या मनात आलं, हा गार्ड ओळखीचा आहे. मग मनात आलं, ते बोट…

ते बोट अर्धंच होतं.

तिने आरशात बघितलं. मागे रस्ता रिकामा होता. लांबच लांब, सरळ, रिकामा. कडेचं वाळलेलं गवतसुद्धा हललेलं नव्हतं. आणि आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं…

गाडी शेजारून गेल्याचा आवाजच झाला नव्हता.

अर्ध्या बोटाचा माणूस या रस्त्यावर एकच होता. लायल नोस्के. वर्नाचा नवरा. लग्नाच्या आधीच धान्य ओढायच्या मशीनने त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं नेलं होतं. "लायल नमस्कारातही काटकसर करतो," अशी गावभर थट्टा चालायची आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा.

लायलला जाऊन दोन हंगाम झाले होते. याच रस्त्यावर, त्या एका झाडाला आपटून. युटचा चुराडा झाला होता. भंगारवाल्याने ती नेली तेव्हा वर्ना समोर उभी होती.

कॉल शिर्मरच्या फाटकापर्यंत ती कशी पोचली, ते तिचं तिला आठवत नाही.

कॉल म्हणजे नोस्क्यांचा शेजारी. सत्तरीचा, एकटा, तीन कुत्र्यांचा धनी. त्याची टपालपेटी म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा केलेला जुना फ्रिज. दुपारी तो त्या फ्रिजच्या सावलीत खुर्ची टाकून बसतो आणि टपालाची वाट बघतो असं सांगतो. त्याला टपाल येत नाही. बोलायला माणूस हवं असतं.

"आज उशीर? टपालखात्याने चालत पाठवलं वाटतं तुला," तो म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"कॉल, मला आत्ता रस्त्यात…"

"लायल," कॉल म्हणाला.

वर्ना बघतच राहिली.

"कापणी सुरू झाल्यापासून येतोय. मला दिसला, ट्रकवाल्या नेव्हिलला दिसला, आणखी एक-दोघांना. पण तुला येऊन कोण सांगणार? कुणाची छाती होती?"

"तू… तू बोट उचललंस?"

"मग काय तोंड फिरवू? चाळीस वर्षांचा शेजारी आहे माझा. मेला म्हणून काय ओळख टाकायची?"

वर्नाला हसू आलं. हसता हसताच ती रडायला लागली. कॉल कुत्र्याचा कान कुरवाळत बसला. तिचं रडून झाल्यावर हळूच म्हणाला, "एक सांगू? आधी तो त्याच्या बाजूने यायचा. काल रेघेवर होता."

"म्हणजे?"

"म्हणजे सरकतोय, वर्ना. रोज थोडा थोडा या बाजूला सरकतोय."

दुसऱ्या दिवशी वर्ना डोळे फाडून गाडी चालवत होती. तीच वेळ. तोच ठिपका.

या वेळी युटचं एक चाक रेघेच्या अलीकडे होतं.

आणि लायलची मान खाली होती.

उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मांडीवर. मान खाली घालून तो मांडीत काहीतरी बघत होता. अगदी शेवटच्या क्षणी त्याने वर बघितलं, चुकलो गं, असं ओशाळं हसला, आणि अर्धं बोट उचललं.

मग रिकामा रस्ता.

डाव्या हातात काय होतं ते वर्नाला बघायची गरज नव्हती. ते फक्त तिलाच माहीत होतं. साऱ्या तारूलात फक्त तिलाच.

गाव म्हणायचं, लायल झोपेने गेला. कापणीचे दिवस, रात्र रात्र मशीनवर काढलेली, भर दुपारी डोळा लागला. यात कुणालाच शंका नव्हती. पण त्या दिवशी त्या झाडापाशी सगळ्यात आधी पोचली होती वर्ना. टपाल घेऊन. लायल गेलेला होता आणि त्याच्या मांडीवर फोन होता. फोन चालू होता. समोर फोटो होता एका कोकराचा. लायलची टोपी घातलेलं, लायलच्या बुटात पाय घालून उभं असलेलं कोकरू. खाली लिहिलं होतं, 'बाबा, तुमची जागा गेली.'

फोटो पाठवला होता ब्रॉनीने. त्यांच्या मुलीने.

वर्नाने फोन उचलला, बंद केला आणि टपालाच्या पिशवीत टाकला. मग मदत येईपर्यंत नवऱ्याचा हात धरून बसली.

तिने ते चूक केलं की बरोबर, मला ठरवता येत नाही. पोरीने जन्मभर स्वतःला कोसत बसू नये, एवढंच त्या क्षणी तिला सुचलं. आई होती ती. दुसरं काय करणार होती?

बुधवारी संध्याकाळी मायलेकी जेवायला बसल्या. ब्रॉनी चोवीस वर्षांची. गावातल्या धान्याच्या कोठारावर गव्हाचे नमुने तपासते. अंगात कोठाराचा पिवळाधमक शर्ट, एका हातात काटा, दुसऱ्या हातात फोन.

"ब्रॉनी, रस्त्यात कुणी भेटतं का गं तुला? घरी येताना?"

"मला कोण भेटणार? टपालवाली तू आहेस."

"म्हणजे समोरून कुणी… एखादी मलईच्या रंगाची युट वगैरे?"

"नाही गं. चिटपाखरू नसतं. नुसता कंटाळा येतो." अंगठा फोनवर चाललाच होता.

वर्नाच्या हातातला घास हातातच राहिला.

ब्रॉनीची पाळी सुटते तीनला. ती रोज वर्नाच्या मागोमाग त्याच रस्त्याने, त्याच दिशेने घरी येते. कॉलला युट दिसते. नेव्हिलला दिसते. वर्नाला दिसते. बाप रोज समोरून येतो, बोट उचलतो, आणि एकट्या त्याच्या लेकीला रस्ता रिकामा दिसतो.

कारण ती रस्त्याकडे बघतच नाही.

"गाडी चालवताना फोन बघतेस ना तू?"

"सरळ तर रस्ता आहे, आई. त्यात बघण्यासारखं काय आहे? आणि मी काही आंधळी नाही, मध्ये मध्ये बघते."

"ठेव तो फोन."

"झालं सुरू," ब्रॉनी म्हणाली आणि ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. तिच्याशी खरं बोलायची वेळ हीच होती. वर्नाला ते कळत होतं. पण तोंडच उघडेना.

शुक्रवारी तिने टपाल लवकर उरकलं आणि कॉलच्या फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. कॉल शेजारी. तीन कुत्री पायांशी.

साडेतीनच्या सुमाराला ब्रॉनीची छोटी निळी गाडी आली. वर्नाने हात वर केला. बोट नाही, आख्खा हात. कॉलनेही केला. गाडी त्यांच्यासमोरून गेली. खिडकीतून ब्रॉनी स्पष्ट दिसली. मान खाली, ओठांवर कुणाच्या तरी गमतीचं हसू.

दोन हातांवर उभी असलेली सख्खी आई तिला दिसली नाही.

आणि तेवढ्यात गाडीमागे भुंकणारी तिन्ही कुत्री एकदम गप्प झाली…

तळ्याच्या बाजूने युट येत होती. आज ती रेघेवर नव्हती. रेघ पूर्ण ओलांडून ब्रॉनीच्या बाजूला आली होती. सरळ. नाकासमोर. वर्ना ओरडली. काय ओरडली ते तिला माहीत नाही. निळी गाडी आणि मलईची युट उन्हाच्या लाटांत एकमेकींत शिरल्यासारख्या झाल्या…

आणि निळी गाडी पुढे निघून गेली. एकटी. आपल्या संथ चालीने.



"आज पूर्ण आत होता," शेवटी कॉल म्हणाला.

"उद्या?"

"तो तिला सावध करतोय की न्यायला आलाय, ते मला कळत नाही, वर्ना. पण उद्या काय होईल ते बघायला मी इथे बसणार नाही. तुला जे करायचं ते आज कर."

त्याच संध्याकाळी फुटबॉल क्लबात बैठक होती. सरकारची दोन माणसं आली होती. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्यांसाठी वेगळा, कडक कायदा हवा का, आणि आमच्यासारख्या आडरस्त्यांवर फोन पकडणारे कॅमेरे लावावेत का, याबद्दल गावाचं मत विचारायला. उजेड अजून होता. बाहेर सॉसेज भाजले जात होते. मी होतेच. म्हणून इथून पुढचं ऐकीव नाही.

नेव्हिल सगळ्यात आधी उठला. "बेफिकीर गाडी चालवायचा कायदा आहे ना? मग फोनला वेगळा कशाला? मी चालवताना सॉसेज रोल खातो. उद्या रोलवर कायदा करणार का तुम्ही?"

सगळे हसले. मला राहवलं नाही.

"नेव्हिल," मी म्हटलं, "रोल तुला 'कुठे पोचलास?' असं विचारत नाही."

"तुझी बायको विचारते ना, रोल संपवलास की नाही म्हणून!" मागून कुणीतरी ओरडलं. आणखी हशा. सरकारी बाईसुद्धा हसल्या.

मग ब्रॉनी उभी राहिली. हसणं थांबलं. लायलची मुलगी बोलतेय म्हटल्यावर लोकांनी खुर्च्यांचे आवाजसुद्धा बंद केले.

"माझे बाबा याच रस्त्यावर गेले," ती म्हणाली. "फोनने नाही गेले. थकव्याने गेले, झोपेने गेले. झोपेवर कुणी कॅमेरे लावत नाही. कापणीत आम्ही मरमर मरतो, त्याचं काही करा की आधी. फोन फोन काय लावलंय? बाबांना फोनने मारलं का?"

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या.

वर्ना उठली. माझ्या शेजारीच बसली होती. उठताना तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की रात्री तिथे वळ होता.

"ते झोपले नव्हते," ती म्हणाली.

टाळ्या विरून गेल्या. बाहेर तव्यावरच्या चरबीचा चरचर आवाज तेवढा येत होता.

"सगळ्यात आधी मी पोचले होते. फोन त्यांच्या मांडीवर होता. चालू होता. तो मी काढून लपवला."

कॉल मान खाली घालून बसला होता. नेव्हिलने टोपी काढली.

"काय बघत होते?" ब्रॉनीने विचारलं.

वर्नाने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"आई. काय बघत होते बाबा?"

"कोकराचा फोटो," वर्ना म्हणाली. "बुटातल्या कोकराचा. तुझा काही दोष नाही, बाळा. तू नुसता पाठवला होतास. गाडी चालवताना उघडायला तू सांगितलं नव्हतंस…"

पुढचं ऐकायला ब्रॉनी तिथे नव्हती. दार आपटलं, निळी गाडी सुरू झाली. तिचा फोन खुर्चीवरच राहिला.

तो वर्नाने घरी नेला. ब्रॉनी घरी आली नाही. गावात मैत्रिणीकडे राहिली असं मैत्रिणीच्या आईने कळवलं, एवढाच काय तो दिलासा. वर्ना रात्रभर स्वयंपाकघरात बसून होती. दर थोड्या वेळाने तिचा हात आपोआप आपल्या फोनकडे जायचा, लेकीला लावायला. आणि मग समोर टेबलावर पडलेला लेकीचा फोन दिसायचा.

"मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गाठू शकत नव्हते," ती मला नंतर म्हणाली. "आणि मला त्याचंच भय वाटत होतं. खुळी मी."

शनिवार. हंगामात सुट्टी नसते. ब्रॉनी कोठारावर गेली होती, तिथूनच निघेल.

वर्ना दुपारपासून कॉलच्या फ्रिजपाशी उभी. कॉल बसणार नाही म्हणाला होता, पण बसला होता.

साडेतीन वाजले.

गावाकडून ठिपका आला. ठिपक्याची निळी गाडी झाली. अजून बरीच लांब होती, त्या झाडाच्याही पलीकडे.

कुत्री गप्प झाली…

आज युट त्यांच्या समोरून गेली. तळ्याकडून गावाकडे. चाकं फिरत होती. आवाज नव्हता. वर्ना म्हणते, काचेवर ऊन इतकं होतं की आतलं काही दिसलं नाही. पूर्ण चुकीच्या बाजूने ती युट निळ्या गाडीच्या रोखाने गेली.

मग ब्रेकचा आवाज आला. तो मात्र खरा होता. निळी गाडी थरथरली, रस्ता सोडून डावीकडे वळली आणि झाड चुकवून सरळ गव्हात शिरली.

वर्ना धावत सुटली. छप्पन्न वर्षांची बाई, त्या उन्हात.

ब्रॉनी गाडीबाहेर उभी होती. अंगावर ओरखडाही नव्हता. गव्हाच्या लोंब्या तिच्या शर्टाला चिकटल्या होत्या.

"दिसले," ती म्हणाली. "आई, बाबा दिसले."

वर्नाने तिला मिठीत घेतलं.

"माझ्याच बाजूने आले. सरळ अंगावर. मी गाडी खाली घातली. मी वर बघत होते म्हणून, आई… आज माझ्याजवळ फोन नव्हता म्हणून…"

"बोट उचललं त्यांनी?"

"हो. अर्धं." ब्रॉनी हुंदके द्यायला लागली. "मीही उचललं. ते रागावलेले नव्हते गं. अजिबात रागावलेले नव्हते."

वर्ना म्हणते, दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. लेक जिवंत होती, सगळं बोलून झालं होतं, आणि बापाने लेकीला ओळख दिली होती. तिला वाटलं, संपलं.

ब्रॉनीने डोळे पुसले.

"पण आई… त्यांच्या शेजारी कोण होतं?"

"कुठे शेजारी?"

"बाजूच्या सीटवर. मुलगी होती एक. मान खाली घालून मांडीत काहीतरी बघत होती. सारखी हसत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही."

वर्नाने तिच्या शर्टावरची एक लोंबी काढली.

"तिच्या अंगात…" ब्रॉनीने आपल्या छातीवरच्या पिवळ्या कापडाला हात लावला. "हाच शर्ट होता."

ही गोष्ट मागच्या हंगामातली.

ब्रॉनीचा फोन आता गाडीच्या मागच्या हत्यारांच्या पेटीत कुलूप लावून असतो. सॉल्टपॅन रोडच्या तोंडाशी कॅमेरा आला. नेव्हिल अजून त्याच्या नावाने बोटं मोडतो, पण फोन खिशात ठेवूनच मोडतो. लायल त्यानंतर कुणाला दिसला नाही. बाजूच्या सीटवरची ती मुलगी कोण होती, याबद्दल त्या दोघी बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

या हंगामात, गेल्या गुरुवारी, कॉल दवाखान्यात रक्तदाब मोजायला आला होता. मी पट्टा बांधत होते.

"परत आलाय तो," कॉल म्हणाला.

"कोण?"

"लायल. काल फाटकापाशी बसलो होतो तेव्हा दिसला. रेघेवर आहे अजून."

माझा हात थांबला. "एकटा?"

कॉलने मान हलवली. "शेजारी कुणीतरी आहे. ब्रॉनी नाही. पोरगा आहे."

"कोणाचा?"

"मान खाली होती त्याची. डोक्यावर टोपी. तोंड नाही दिसलं मला."

हंगामात टोपी कुणाच्या डोक्यावर नसते? नेव्हिलच्या दोन्ही मुलांच्या असते. कोठारावरच्या सगळ्या पोरांच्या असते. मी स्वतःला हे समजावलं. पट्टा नीट सोडला, आकडा लिहिला, कॉलला औषध दिलं. मग मागच्या दाराने बाहेर आले. दुपारचे साडेतीन झाले होते. मी खिशातून फोन काढला आणि शार्दूलला लावला.

दोनदा वाजला. त्याने उचलला.

"बोल गं आई."

मागे ट्रकच्या इंजिनाचा आवाज होता.

"कुठे पोचलास?" मी विचारलं.

"सॉल्टपॅनवर आहे. गहू भरायला तळ्याकडे निघालोय. काय झालं? एक सेकंद हां, समोरून युट येतेय कुणाचीतरी, जरा…"

मी फोन कापला.

कापला आणि त्या भिंतीला टेकून उभी राहिले. परत लावायची हिंमत नव्हती. लावायचा नाही, हे तर आत्ताच कळलं होतं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात मी काय केलं, कुणाला कोणतं इंजेक्शन दिलं, देव जाणे.

तो घरी आला. वेळेवर आला, नेहमीसारखा भुकेला, धुळीने माखलेला. टोपी टेबलावर टाकली, हात धुतले. मी वाढलं. समोरून कोणाची युट आली होती, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तो खाली मान घालून जेवत होता. बराच वेळ.

मग म्हणाला, "आई, मी गाडीवर असताना मला फोन करत जाऊ नकोस."

का, ते मी विचारलं नाही.